प्रिंटर बंद का पडला? बँकांचे सर्व्हर, स्वयंचलित आज्ञा आणि दोषशोधाची शिस्त

तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे मुख्यालय असलेल्या सिटी युनियन बँकेचा एक प्रिंटर ६ फेब्रुवारी २०१८ रोजी बंद पडला. आंतरराष्ट्रीय देयकांचे संदेश वाहून नेणाऱ्या स्विफ्ट या यंत्रणेशी तो जोडलेला होता. परदेशातील बँकेकडे पैसे पाठविण्याची आज्ञा गेली की तिची पोच या प्रिंटरवर छापली जावी, अशी व्यवस्था होती. त्या सायंकाळी तीन आज्ञा गेल्या. पोच मात्र एकीचीही छापली गेली नाही. दुसऱ्या दिवशी खात्यांचा ताळमेळ घेताना असे आढळून आले की, या तीनही आज्ञा बँकेतून कोणीही दिलेल्या नव्हत्या.

पहिली आज्ञा पाच लाख डॉलरची होती. ती न्यूयॉर्कमार्गे दुबईतील एका बँकेकडे गेली होती आणि ती तत्काळ रोखण्यात आली. दुसरी तीन लाख युरोची, फ्रँकफर्टमार्गे तुर्कस्तानातील खात्यासाठी. ती रक्कमही तेथील बँकेने अडवून धरली. तिसरी दहा लाख डॉलरची होती. ती न्यूयॉर्कमार्गे चीनमधील बँकेत पोहोचली आणि बनावट कागदपत्रांच्या आधारे तिच्यावर दावाही करण्यात आला. प्रिंटर आपोआप बिघडलेला नव्हता, तर पोच हाती पडू नये म्हणून हल्लेखोरांनीच तो निकामी केला होता, असे बँकेचे व्यवस्थापकीय संचालक एन. कामकोटी यांनी त्यानंतर स्पष्ट केले.

कुंभकोणम् मराठी वाचकाला परके नाही. दक्षिणेच्या यात्रेस निघालेली मराठी कुटुंबे तंजावरचा राजवाडा पाहून पुढे कुंभकोणम्‌च्या मंदिरांकडे आणि तेथून काही किलोमीटरवरील पट्टीश्वरम् येथे दुर्गेच्या दर्शनास जातात. कावेरीच्या खोऱ्यातील या भातशेतीच्या मुलखात १९०४ साली कुंभकोणम् बँक स्थापन झाली. १९८७ पासून ती सिटी युनियन बँक या नावाने ओळखली जाते. पट्टीश्वरम्‌सारख्या गावातील खातेदाराच्या लेखी बँक म्हणजे पासबुक आणि खिडकी. त्या खिडकीमागची यंत्रणा न्यूयॉर्क आणि फ्रँकफर्टशी क्षणात बोलू शकते, याची जाणीव त्याला असण्याचे कारण नाही. ती जाणीव ज्यांना असावयास हवी, त्यांच्यासमोर त्या दिवशी केवळ एक मुका प्रिंटर होता.

बंद प्रिंटर पाहून कोणाच्याही मनात प्रथम कागद, शाई किंवा सैल झालेली वायर येते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे काम येथूनच कठीण होते. बिघाड आणि घातपात बाहेरून सारखेच दिसतात. त्यांच्यातील फरक ओळखण्यासाठी यंत्र कसे असावयास हवे होते याची नोंद त्या यंत्राबाहेर कोठेतरी असावी लागते.

लिहून ठेवलेली व्यवस्था

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या विचारणांना उत्तर देणारा संगणक. तो कोणाचे ऐकेल, कोणास नकार देईल, घडलेल्या गोष्टी कोठे नोंदवील, कोणता संदेश कोणत्या यंत्राकडे धाडील, हे सारे त्याच्यावरील काही फायलींत लिहिलेले असते. या लिखित व्यवस्थेस कॉन्फिगरेशन म्हणतात. एका फायलीतील एक अंक बदलला तर संदेश भलत्याच यंत्राकडे जाऊ शकतो. एक ओळ गाळली तर कोणताही नकार न मिळता दार उघडे राहू शकते.

सर्व्हर एक असेल तर ही व्यवस्था एका माणसाच्या डोक्यात मावते. दहा झाले की मावत नाही. मध्यरात्री अडचण उद्भवते, कर्तव्यावरील अभियंता एका सर्व्हरवर एक ओळ बदलून काम मार्गी लावतो आणि सकाळी त्याची नोंद करावयाचे राहून जाते. असे वर्षभर चालले की एकसारखे म्हणून बसविलेले दहा सर्व्हर दहा प्रकारचे झालेले असतात. मग एखादा बदल नऊ ठिकाणी चालतो आणि दहाव्या ठिकाणी का चालत नाही, याचे उत्तर कोणाजवळही नसते.

यावर उपाय म्हणून १९९३ साली ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन ही प्रणाली तयार केली. त्यानंतर २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल या प्रणाली आल्या. तपशील भिन्न असले तरी त्यांमागील विचार एकच आहे. सर्व्हर कसा असावा याचे वर्णन एका जागी लिहून ठेवावयाचे, प्रणालीने प्रत्यक्ष सर्व्हर त्या वर्णनाशी ताडून पाहावयाचा आणि जेथे फरक असेल तेथेच दुरुस्ती करावयाची. फरक नसेल तर काहीही करावयाचे नाही. त्यामुळे तीच आज्ञा एकदा चालविली काय किंवा शंभरदा, परिणाम एकच राहतो. हाताने लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टचे तसे नसते. फायलीच्या शेवटी एक ओळ जोडणारी स्क्रिप्ट तीनदा चालली तर ती ओळ तीनदा जोडली जाते, आणि बिघाड शोधणाऱ्याचा अर्धा दिवस त्या जास्तीच्या दोन ओळींमागे जातो.

या सोयीची एक उणी बाजू आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पपेटसारखी प्रणाली नेहमीच्या मांडणीत दर अर्ध्या तासाने सर्व्हर तपासते आणि बिघडलेली ओळ मुकाट्याने पूर्ववत करते. वरकरणी हे उत्तमच. परंतु तीच ओळ तिसऱ्या दिवशीही पुन्हा बदललेली आढळली, तर ती बदलणारे कोणीतरी किंवा काहीतरी तेथे आहे, असा त्याचा अर्थ होतो. प्रणालीने केलेल्या दुरुस्त्यांची यादी रोज कोणी वाचत नसेल, तर दुरुस्तीच पुरावा झाकून टाकते. म्हणूनच अनेक अनुभवी प्रशासक महत्त्वाच्या सर्व्हरवर ही प्रणाली प्रथम केवळ फरक सांगण्यापुरतीच चालवितात. बदल करण्याची परवानगी तिला फरक वाचून झाल्यावर दिली जाते.

दोन बाइटांचा बदल

कुंभकोणम्‌च्या घटनेपूर्वी बरोबर दोन वर्षे, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतही स्विफ्टचा प्रिंटर बंद आढळला होता. ४ फेब्रुवारीच्या रात्री त्या बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलरच्या ३५ आज्ञा गेल्या. दुसरा दिवस शुक्रवार, म्हणजे तेथील साप्ताहिक सुटीचा होता. बहुतेक आज्ञा अडविल्या गेल्या, तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिला येथील खात्यांत पोहोचले.

त्या प्रकरणी वापरल्या गेलेल्या घातक आज्ञावलीचे विश्लेषण बीएई सिस्टिम्स या कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील एक तपशील सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. स्विफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तपासणी होती. ती अयशस्वी ठरली तर पुढचे काम थांबावे, अशी योजना होती. हल्लेखोरांनी ती तपासणी काढून टाकली नाही. चालू असलेल्या आज्ञावलीतील केवळ दोन बाइट बदलून त्यांनी तपासणीचा निष्कर्ष निरर्थक केला. तपासणी होत राहिली, उत्तर नकारार्थी आले, तरी काम पुढे जात राहिले. छपाईसाठी जाणारे संदेशही ही आज्ञावली मधल्यामध्ये अडवून वाचीत होती.

अशा वेळी त्याच सर्व्हरला ‘तू ठीक आहेस का’ असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण उत्तर देणाराच बदललेला असतो. फायलींची ठसेपत्रके, म्हणजे प्रत्येक फायलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेले आकडे, दुसऱ्या यंत्रावर ठेवून तेथून तुलना करावी लागते. चालू आज्ञावली स्मृतीतच बदलली असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. त्या वेळी व्यवहारांची दुसरीकडील नोंदच कामी येते. कुंभकोणम्‌च्या बँकेस फसवणूक उमगली ती परदेशी बँकांकडील नोंदींशी ताळा जुळला नाही म्हणून.

शून्य म्हणजे यश, पण कोणाचे?

बँक असो वा विद्यापीठ, रात्रीची बहुतांश कामे आज स्क्रिप्ट करतात. दिवसअखेरीचा ताळा, माहितीची प्रत काढणे, जुन्या नोंदी गुंडाळून ठेवणे ही कामे ठरलेल्या वेळी सुरू करण्यासाठी क्रॉन ही जुनी व्यवस्था वापरली जाते. दिवसा हाताने चालविलेली स्क्रिप्ट बिनबोभाट चालते आणि रात्री क्रॉनमधून चालत नाही, ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी तक्रार असावी. कारण साधे असते. माणूस आज्ञा देतो तेव्हा त्याच्या खात्याची सारी पार्श्वभूमी तिच्यासोबत असते: कोणता प्रोग्रॅम कोठे ठेवला आहे, कोणत्या फायली वाचण्याची मुभा आहे. क्रॉनला यांतील फारच थोडे ठाऊक असते. म्हणून जाणते लोक स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहितात आणि तपासणीही क्रॉनच्याच खात्यातून करतात.

याहून फसवी अडचण यशाच्या आकड्याची आहे. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश, अन्य काहीही म्हणजे अपयश. परंतु अनेक आज्ञा साखळीसारख्या जोडल्या की सामान्यतः शेवटच्या आज्ञेचाच अंक धरला जातो. पहिली आज्ञा खात्यांची माहिती वाचू शकली नाही, दुसरीने रिकामा मजकूर व्यवस्थित दाबून फाइल तयार केली, तर साखळीचे उत्तर येते शून्य. सकाळी फाइल जागेवर असते, तिला आजची तारीखही असते. तिच्यात काहीच नाही हे कळते ते ती लागते त्या दिवशी.

गिटलॅब या कंपनीच्या बाबतीत ३१ जानेवारी २०१७ रोजी याच जातीचा प्रकार घडला. एका अभियंत्याने बिघाड दुरुस्त करीत असता चुकून मुख्य सर्व्हरवरील माहितीच पुसली. प्रत शोधू जाता असे आढळले की प्रत काढणारी स्क्रिप्ट अपयशी ठरत आली होती, माहितीसाठा ९.६ या आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारे साधन ९.२ या आवृत्तीचे. अपयशाची सूचना देणारे ई-मेल निघत होते, परंतु आवश्यक स्वाक्षरी नसल्याने ते स्वीकारलेच जात नव्हते. वेगळ्या कारणासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती होती म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबले. कंपनीने हा सारा वृत्तान्त जाहीर केला, याबद्दल तिचे श्रेय मान्य करावयास हवे. आपल्याकडे अशा अहवालांना सहसा प्रकाश दिसत नाही.

सूचना पोहोचूनही उपयोग होत नाही, असेही घडते. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने २०१२ साली नवी आज्ञावली आठ सर्व्हरवर बसविताना एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्ट रोजी बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल पाठविले. ते इशारे म्हणून योजलेले नव्हते, त्यामुळे त्यांची दखल कोणी घेतली नाही. पाऊण तासात संस्थेचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

या दोन्ही घटनांमुळे सूचनांची रीत उलट करण्याचा विचार दृढ झाला. काम बिघडले तर कळवावे, असे स्क्रिप्टला सांगण्याऐवजी काम झाल्यावर तिने पोच द्यावी आणि ठरलेल्या वेळेत पोच आली नाही तर दुसऱ्याच यंत्राने हाक मारावी, ही ती रीत होय. पोचेत केवळ ‘झाले’ असे न लिहिता किती नोंदी वाचल्या, फाइल किती मोठी झाली हेही लिहिले जावे. काल दोन लाख नोंदी आणि आज शून्य, हा फरक यंत्रालाही ओळखता येतो. स्विफ्टचा प्रिंटर खरे तर अशीच पोच देणारे यंत्र होता. त्याच्या मौनाची वेळ मोजणारे दुसरे यंत्र असते, तर ६ फेब्रुवारीची सायंकाळ वेगळी गेली असती, असे मानण्यास जागा आहे.

पुण्यातील शनिवार

कुंभकोणम्‌च्या घटनेनंतर सहा महिन्यांनी महाराष्ट्रालाच या विषयाची झळ बसली. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये आणि भारतात २,८०० हून अधिक व्यवहारांद्वारे अडीच कोटी रुपये काही तासांत काढले गेले. त्यानंतर सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टमार्फत हाँगकाँगमधील एका खात्याकडे १३ कोटी ९२ लाख रुपये वळविण्यात आले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचे होते.

एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा बँकेच्या एटीएम स्विचकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सर्व्हरकडे येते. स्विच ती मुख्य बँकिंग प्रणालीकडे नेतो. खात्यात शिल्लक आहे का हे पाहिले जाते आणि होकार वा नकार त्याच वाटेने परत जातो. पुण्यात हल्लेखोरांनी खऱ्या स्विचच्या जोडीला एक बनावट स्विच उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. होकार वाटेतूनच दिला जात होता. मुख्य बँकिंग प्रणालीस धक्का लागलेला नाही आणि खातेदारांच्या ठेवी सुरक्षित आहेत, असे बँकेने तेव्हा सांगितले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते या रचनेशी सुसंगतच होते. मुख्य प्रणालीला कोणी काही विचारलेच नव्हते.

दोषशोधाच्या दृष्टीने हे प्रकरण विलक्षण आहे. मुख्य प्रणालीच्या नोंदवहीत त्या दुपारी एकही चूक दिसली नसती. दिसली असती ती शांतता. शनिवारी दुपारी एटीएमवर गर्दी असताना मुख्य प्रणालीकडे येणाऱ्या विचारणा आणि कार्ड कंपनीकडे नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांची संख्या जुळत नाही, एवढी एकच विसंगती पुरेशी होती. दोन आकडे दर पाच मिनिटांनी शेजारी मांडणारी स्क्रिप्ट लिहिणे अवघड नाही. अवघड असते ते हे दोन आकडे दोन वेगळ्या उगमांकडून घेणे आणि फरक पडल्यास व्यवहार थांबविण्याचा अधिकार शनिवारी दुपारी कोणाला आहे, हे आधी ठरविणे. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले.

आधी काय पाहावे

यंत्र अडले की ते बंद करून पुन्हा सुरू करावे, हा आपल्या कार्यालयांतील सार्वत्रिक उपाय आहे. तो अनेकदा लागू पडतो, म्हणूनच घातक ठरतो. पुन्हा सुरू केल्यावर स्मृतीतील माहिती जाते आणि बिघाड कशाने झाला होता हे कायमचे अज्ञात राहते. पैशाशी वा रुग्णांच्या नोंदींशी संबंधित सर्व्हर असेल, तर आधी नोंदवह्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्यावी, चालू असलेल्या कामांची यादी जतन करावी आणि मगच हात लावावा.

त्यानंतरचा प्रश्न ‘काय बिघडले’ यापेक्षा ‘काय बदलले’ असा विचारणे अधिक फलदायी ठरते. कॉन्फिगरेशनच्या फायली गिटसारख्या प्रणालीत ठेवल्या असतील तर कोणी, कधी, कोणती ओळ बदलली हे क्षणात दिसते. बदलाची नोंद आहे आणि बिघाड त्यानंतरचा आहे, तर शोध बहुधा तेथेच संपतो. बदल दिसतो पण नोंद नाही, तर प्रकरण सुरक्षा विभागाकडे सोपवावयास हवे. तेथे दुरुस्तीची घाई नको.

वेळेचा घोळ हाही येथला नित्याचा सोबती. एक सर्व्हर भारतीय वेळ लिहितो, दुसरा जागतिक प्रमाणवेळ. रात्री आठला घडलेली घटना दुसऱ्याच्या नोंदवहीत दुपारी अडीचला आढळते आणि कारण व परिणाम यांची अदलाबदल होते. सर्व घड्याळे एका उगमाशी जुळविलेली आहेत की नाहीत, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. ते न पाहिल्याने वाया गेलेल्या रात्री मात्र पुष्कळांच्या आठवणीत असतील. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बदल एकदम केल्यावर यंत्र सुरू झाले तर तिघांपैकी कोणामुळे, हे पुढच्या खेपेस पुन्हा शोधावे लागते.

फेब्रुवारी २०१८ मध्येच पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळाही उघड झाला होता. मुंबईतील शाखेतून स्विफ्टद्वारे पाठविलेले हमीसंदेश मुख्य बँकिंग प्रणालीत नोंदलेच जात नव्हते, कारण दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. स्विफ्टच्या गैरवापराबाबत ऑगस्ट २०१६ पासून बँकांना किमान तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने २० फेब्रुवारी रोजी जाहीर केले. दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत देण्यात आली, आणि स्विफ्टविषयक निर्देश न पाळल्याबद्दल मार्च २०१९ मध्ये ३६ बँकांना एकूण ७१ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. स्विफ्ट संस्थेनेही सदस्य बँकांना दिवसभरातील व्यवहारांचा गोषवारा स्वतंत्र मार्गाने पुरविण्याची सोय केली. बँकेच्या स्वतःच्या यंत्रांवर तो अवलंबून नसतो, हेच त्याचे मूल्य.

मोठ्या बँकांकडे यासाठी स्वतंत्र कक्ष असतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नागरी सहकारी बँकेत हे सारे बहुधा एका-दोघांच्या अंगावर असते आणि सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे सोपविलेला असतो. तेथेही एक चाचणी विनाखर्च करता येते. पूर्वसूचना न देता, संचालकांच्या अनुमतीने, एखाद्या दुपारी पोच देणारी स्क्रिप्ट किंवा तो प्रिंटर मुद्दाम बंद करून ठेवावा आणि पहिला दूरध्वनी किती मिनिटांनी येतो, हे घड्याळ लावून मोजावे.